पाळी का चुकते, डाग का दिसतो?

(गेल्या वर्षी ऋषिपंचमीच्या संध्याकाळी मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय ठरला तेव्हा मंडळाच्या बैठकीत थोडी कुजबुज झाली. गणपतीपुढं असला विषय कशाला, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. शेवटी आपल्यातल्याच एका ज्येष्ठ काकांनी ते मिटवलं. ते म्हणाले, "आज ऋषिपंचमी. पाळीत कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून आपल्या आया-आज्या पिढ्यान् पिढ्या हे व्रत करत आल्या. म्हणजे वर्षातला हा एक दिवस याच विषयाचा आहे. आज नाही बोलायचं, तर कधी?" काकांचे आभार मानून सुरुवात करतो.

आधी एक खुलासा. आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. रक्त काढायचं, तपासायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, हे आमचं काम. हे भाषण मात्र आम्ही दोघा नवरा-बायकोनं स्वयंपाकघरात बसून तयार केलं आहे. त्यामुळं 'आम्ही' म्हणजे कधी प्रयोगशाळेतले आम्ही आणि कधी घरातले आम्ही, असं समजून घ्या. औषध कुठलंही सांगणार नाही. कारणं काय असू शकतात आणि कधी थांबून चालत नाही, एवढंच सांगणार आहोत.

सुरुवात या मंडपापासूनच करू. गौरी यायच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात कुठली गोळी हमखास मागितली जाते, हे इथल्या बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. पाळी पुढं ढकलायची गोळी. सून गोळी मागायला जाते, कधी सासूच आणून हातात ठेवते. "गौरीच्या दिवशी कडेला बसायला नको," एवढंच त्यामागं असतं. या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. पाळीच्या तारखेआधी साधारण तीन दिवस ती सुरू करतात, दिवसातून तीनदा घेतात, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखादी गोळी चुकली की मध्येच डाग दिसतो. पुढची पाळी मागं-पुढं होते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते. मग नवरात्रात ती बाई घाबरून आमच्याकडं येते, "पाळी बिघडली" म्हणते, आणि गोळीबद्दल आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी, असं नियम सांगतो. त्याला कारण आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन गेलेली, यकृताचा आजार असलेली किंवा स्तनाचा कर्करोग झालेली बाई असेल, तर ही गोळी धोक्याची ठरू शकते. शिवाय ती घेतल्यानं गर्भ राहायचा थांबत नाही, हेही पुष्कळ जणींना माहीत नसतं. घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरवा. आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी ठरलं की गौरी माहेरवाशीण आहे, माहेरवाशिणीला पाळी काय नवीन आहे? तेव्हापासून गोळी बंद. आईनं दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी पुरणपोळ्या लाटायला बसली.

आता नियमित म्हणजे काय ते बघू. पुष्कळ जणींना वाटतं, पाळी अठ्ठावीसाव्या दिवशी आलीच पाहिजे. तसं काही नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. जागतिक पातळीवरची स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २४ ते ३८ दिवस नेहमीचे धरते, आणि आठ दिवसांपर्यंत रक्त जाणंही नेहमीचं धरते. एका महिन्यात २७, दुसऱ्यात ३१, यात बिघाड नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं तारीख सापडत नाही, त्यात बहुधा काळजी नसते. पण पहिल्याच पाळीपासून मुलीचे कपडे भिजून जात असतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष तपासायला हवा. चाळिशी ओलांडली की पुन्हा तारखा हलायला लागतात. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते.

पण हे मोजणार कसं? आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर कॅलेंडर असतं. दुधाचा खाडा त्यावर लिहिलेला असतो, सिलिंडर कधी लावला ते असतं, मोलकरीण कधी आली नाही तेही असतं. घरातल्या बाईच्या पाळीची तारीख तेवढी नसते. डॉक्टर विचारतात, "शेवटची पाळी कधी?" आणि उत्तर मिळतं, "संकष्टीच्या आधी बहुतेक." आमच्या अनुभवानं, निम्म्या वेळा निदान इथंच अडकतं. एक टिंब काढा तारखेवर. जास्त गेलं तर दोन काढा. मध्येच डाग दिसला तर फुली. कुणाला कळायचंही नाही.

मोजण्याचा महिमा बेळगावकरांना वेगळा सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात बाळंतपणानंतर किती रक्त गेलं ते अंदाजानं सांगायच्या ऐवजी बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून मोजायची पद्धत आपल्या जेएनएमसीच्या डॉक्टरांनी वापरली. उपकेंद्रांतल्या नर्सबाईंच्या हातून १६२० बाळंतिणींवर एका साध्या गोळीचा अभ्यास झाला. त्या गोळीनं जास्त रक्त जायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००६ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर वाचला गेला. तो बाळंतपणाचा विषय, आजचा नव्हे. पण रक्ताचा अंदाज डोळ्यांनी करायचा नसतो, हे त्या नर्सबाईंनी दाखवून दिलं.

कारणांकडं वळू. पाळी चुकली किंवा अवेळी डाग दिसला की पहिली तपासणी गर्भाची. ऑपरेशन झालंय, नवरा गावाला असतो, वय पंचेचाळीस आहे, यातलं काहीही असलं तरी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं की गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहण्याचा धोका जास्त असतो. थोडा डाग, एका बाजूला पोटात दुखणं आणि चक्कर, एवढ्यावर बाई "पित्त झालं असेल" म्हणून घरी बसते. नळी फुटली तर काही तासांत जीव जातो. सरकारी दवाखान्यात 'निश्चय' नावाचा गर्भ तपासायचा कीट मिळतो, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, गर्भ राहू नये म्हणून जे काही घेतलं जातं ते. दर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या 'अंतरा' इंजेक्शननं सुरुवातीला अधूनमधून डाग दिसतात, पुढं पाळी बंदही होते. ते ठरलेलंच असतं, रक्त आत साठत नाही. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' गोळी पाळी लांबवते. कॉपर टी बसवल्यावर पहिले काही महिने जास्त जातं. बहात्तर तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी घेतली की त्या महिन्याची तारीख विसरा. आमच्याकडं एक कॉलेजची मुलगी महिन्यातून तिसऱ्यांदा तसली गोळी घेऊन आली होती. ती आजारी नव्हती, तिला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

आणि साध्या औषधांचं एक सांगतो, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. पित्तासाठी आपल्याकडं लोक वर्षानुवर्षं जी कॅप्सूल घेतात, तिच्यात पुष्कळदा डोमपेरिडोन असतं. त्यानं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पाळी बिघडू शकते. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही तसंच होतं. म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लाजू नका.

पीसीओडीबद्दल सध्या एवढं बोललं जातं की आम्ही थोडक्यात उरकतो. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी नाही, वजन वाढलेलं, हनुवटीवर केस, असं असेल तर साखरेची तपासणी जरूर करा, कारण पुढं मधुमेह होण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या म्हणून मुलीचं लग्न मोडायला निघालेले पालक आम्ही बघितले आहेत. त्या गाठी म्हणजे न फुटलेली बीजं असतात, ट्यूमर नव्हे. उलट एक कारण आहे ज्याचं नाव कुणी काढत नाही, ते म्हणजे गर्भाशयाचा क्षय. खोकला नाही, ताप नाही, पण पाळी कमी-कमी होत गेली आणि मूल राहत नाही. आपल्या देशात हे आजही घडतं.

आता थायरॉईड. इथं आमच्या घरातलं सांगावं लागतं, बायकोच्या परवानगीनं. बेचाळीसाव्या वर्षी तिची पाळी अठरा-वीस दिवसांवर यायला लागली, मध्ये डाग. चेहरा सुजलेला, सारखी झोप. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी झाली आणि तिथल्या तिथं सांगण्यात आलं, "पिशवीला सूज आहे. दोन मुलं झाली आहेत ना? काढून टाका. सरकारी नोकर आहात, खर्च मिळेल." आम्ही मान डोलावली. दिवाळीनंतरची तारीखसुद्धा घेतली. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकारी ताईंनी विचारलं, "वहिनींचं टीएसएच केलंय का?" केलेलं नव्हतं. वीस वर्षं लोकांचं रक्त तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोचं रक्त तपासायचं सुचलं नाही! नमुना पाठवला. आकडा असायला हवा त्याच्या चौपट होता. गोळी सुरू झाली, पाच महिन्यांत पाळी सत्तावीस दिवसांवर आली. पिशवी आहे तिथंच आहे.

पिशवी काढायला लागतेच, अशा बायका आहेत. मोठ्या फायब्रॉईडनं रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन पाचवर आलेलं, गोळ्यांनी थांबत नाही, तिला ऑपरेशन हा आधारच आहे. कर्करोग असेल तर प्रश्नच नाही. तक्रार आहे ती कारण न शोधता काढण्याबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, ते आठवत असेल. आपल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊस तोडायला ज्या टोळ्या येतात, त्यांत तिकडच्याही असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला पाळीत दुखलं, खाडा पडला, की पैसे कापले जातात. फडात ना संडास ना पाणी, त्यामुळं जंतुसंसर्ग, अंगावर पांढरं जाणं. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढ, कटकटच जाईल. महाराष्ट्र सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आपल्या राज्यातही कलबुर्गीकडच्या लंबाणी तांड्यांवरून अशाच तक्रारी आल्या होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

त्या बायका अडाणी होत्या, गरीब होत्या, म्हणून फसल्या असं म्हणायची सोय आम्हाला नाही. आमच्याकडं डिप्लोमा होता, पगार होता, प्रयोगशाळा हाताशी होती, आणि तरी आम्ही तारीख घेऊन बसलो होतो. कमी वयात पिशवी काढली, आणि सोबत अंडाशयही गेले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाला असलेलं संरक्षण जातं. ऑपरेशन सुचवलं की तीन गोष्टी विचारा. नेमकं कारण काय? औषधानं किंवा दुसऱ्या लहान उपायानं भागेल का? आणि अंडाशय ठेवणार की काढणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

याच्या अगदी उलटी गोष्ट आता सांगायची आहे. ती सांगताना आम्हाला अजून जड जातं.

निपाणीला आमची एक मावशी होती. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केलं, पोरं शिकवली. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाळी गेली. मग ऋषिपंचमीचं व्रत धरलं आणि थाटात उद्यापन केलं, आम्ही सगळे जेवायला होतो. छप्पन्नाव्या वर्षी श्रावणात तिला डाग दिसला. ती काय म्हणाली? "पाळी परत आली." पाळी परत येत नसते! पण तिला वाटलं, उद्यापन झालेलं, आता पुन्हा विटाळ म्हणजे कुणाला सांगायचं कसं? गौरी घरात येणार. सुनेला कळलं तर सगळा सोवळ्याचा स्वयंपाक तिच्यावर पडणार. गप्प बसली. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीत लेक माहेरी आली, तिला धुण्यात कपडे दिसले. बेळगावला आणलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, आणि तो बाहेर गेलेला. दीड वर्ष होती. श्रावणात तो कुठवर होता, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

एक वर्षभर पाळी बंद झाल्यानंतर दिसलेला डाग, मग तो एक थेंब असो, गुलाबी पाणी असो, एकदाच दिसलेला असो, त्याच आठवड्यात दाखवायचा. घाबरवत नाही. अशा दहा बायकांपैकी नऊ जणींत कारण साधं निघतं, नाजूक झालेलं अस्तर किंवा एखादा लहान कोंब. पण दहावी कोण, हे घरात बसून कळत नाही. सोनोग्राफीनं अस्तराची जाडी बघतात, लागलं तर तुकडा तपासतात. संबंधानंतर रक्त येत असेल तर वय कुठलंही असो, गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायचं. पंचेचाळिशीनंतर पाळीची तऱ्हा एकदम बदलली, तर "वयच आहे" म्हणून सोडायचं नाही.

आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात तर डाग दिसायच्या आधीच पकडता येतं. त्याचा मोठा पुरावा आपल्या मराठी खेड्यांतूनच जगाला मिळाला. उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव म्हणतात, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या. बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यामागं होतं. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, तिथं पुढच्या आठेक वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. शेतात राबणाऱ्या बायका तपासणीच्या टेबलावर चढल्या, तिथं आपल्या उद्यमबागेतल्या शिकलेल्या वहिनींनी लाजायचं काय कारण?

दोन शब्द बंधूंसाठी. तुम्ही मागच्या खुर्च्यांवर का बसलात ते आम्हाला कळतं. आपल्यातल्या कित्येकांची फाउंड्री आहे, मशीन शॉप आहे. पॅकिंगला, तपासणीला बायका असतात. त्यांच्यासाठी कडी लागणारा, पाणी असलेला संडास आहे का, हे उद्या सकाळी जाऊन बघा. आणि घरात बायको "दमले" म्हणाली तर तिचं हिमोग्लोबिन करा. राष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या जवळजवळ निम्म्या बायका रक्तानं कमी निघाल्या. आम्ही ज्यांच्या चिठ्ठीवर सात, साडेसात लिहितो, त्या बायका चालत येतात, रांगेत उभ्या राहतात आणि "तसं काही होत नाही हो" म्हणतात. शरीर सवय करून घेतं. मागाहून आत डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर कळतं की दर महिन्याला दहा दिवस जातंय.

दाखवायचं कुठं? जवळचं नम्म क्लिनिक, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय. तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत असते. जाताना तीन महिन्यांच्या तारखा, गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घ्या. कन्नड येत नाही म्हणून मागं राहू नका, "मुट्टू" म्हटलं की नर्सबाईंना कळतं.

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, १९२७ पासून १९५३ पर्यंत. त्यात वाचकांनी पाठवलेल्या असल्या प्रश्नांना ते उत्तरं छापत, आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. आम्हाला काही कोर्टात जायचं नाही, पण त्यांची पद्धत उचलली आहे. प्रसादाच्या टेबलाशेजारी झाकणाला फट पाडलेला एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नाव लिहू नका. जिल्हा रुग्णालयातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी परवा, रविवारी सकाळी दहाला इथं येऊन उत्तरं द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांना समोरासमोर विचारायचं आहे त्यांच्यासाठी मागच्या खोलीत पडदा लावून बसायची सोय केली आहे. डबा सकाळी ठेवला होता. मघाशी उचलून बघितला, तर चार चिठ्ठ्या आत्ताच पडल्या आहेत.